ऑर्गन वाजला की उठायचं

“बंद म्हणजे बंद, ताई. सायलेंटवर नाही चालणार,” चर्चच्या दारातले गृहस्थ मला दुसऱ्यांदा म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. माझ्याच वयाचे होते, छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला, बोलणं अगदी गोड. आत रेकॉर्डिंग होतं, मध्येच कुणाचा फोन वाजला तर सगळं मुसळ केरात, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला त्या दिवसांत फार राग यायचा. मी म्हटलं, “अहो, मी आंघोळीला जाते तेव्हाही हा फोन बाथरूमच्या कडीला पिशवीत टांगलेला असतो. तुमच्या कार्यक्रमासाठी काय म्हणून बंद करू?” मागे रांग खोळंबली. कुणीतरी चुकचुकलं.

माझा मुलगा रशियात डॉक्टरकी शिकतो. तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं बरी गेली, म्हणजे थंडी आणि बटाटे यांच्या तक्रारी सोडल्या तर बरी. मग युद्ध त्याच्या शहराच्या जवळ आलं. रात्री-अपरात्री भोंगे वाजायला लागले. भोंगा झाला की होस्टेलची सगळी पोरं तळघरात जाऊन बसतात. आणि ड्रोनच्या भीतीने तिथलं इंटरनेट कधीही बंद करतात, कधी दोन तास, कधी दोन दिवस. त्यामुळे त्याचा फोन कधी येईल याचा नेम नसतो. कधी मित्राच्या नंबरवरून, कधी भलत्याच अ‍ॅपवरून. आला की उचलायचा, बोलता येईल तेवढं बोलून घ्यायचं. उलट फोन लावला तर लागतोच असं नाही. त्या संध्याकाळी त्याचा आवाज ऐकून आठवडा उलटून गेला होता.

आणि फोन यायचा तो माझ्याच मोबाइलवर, कारण बापलेक बोलत नव्हते.

झालं असं की गेल्या गणपतीत, आरती संपता संपता, त्याचा व्हिडिओ कॉल आला. घरात पाहुणे होते. मोदकांचं ताट हातात घेऊन माझा नवरा कौतुकाने म्हणाला, “बोला डॉक्टर!” आणि पोरगा म्हणाला, “बाबा, मला परत यायचंय. मला नाही जमत इथे.” सगळ्यांसमोर. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. फोन घेऊन तो मागच्या पडवीत गेला आणि तिथे काय बोलला ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. “सगळ्यांची पोरं राहतात तिथे, तुलाच काय धाड भरलीय? यायचं तर डॉक्टर होऊन ये. नाहीतर येऊ नकोस.” त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

माझा नवरा वाईट माणूस नाही. सकाळी वाडीत केळी बघतो, सोनचाफा तोडून घेतो, मग डबा घेऊन वालीवला कारखान्यात सुपरवायझरकी करतो. घराण्यात पदवी घेतलेला तोच पहिला. मुलाला अ‍ॅडमिशन मिळाली त्या आठवड्यात त्याने पितळेची पाटी करून आणली होती, पुढे ‘डॉ.’ लिहिलेली. अजून कपाटावर आहे, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेली. गावात त्याला आता नावाने कुणी हाक मारतच नाही. बाजारात, लग्नात, मयतात, जिथे जाईल तिथे ‘डॉक्टरांचे बाबा’. माणसाला असल्या गोष्टींची चटक लागते हो. मलाही लागली होती, खोटं कशाला बोलू? पण पोराच्या जिवापुढे चटक कसली घेऊन बसायचं, हे मला कळत होतं आणि त्याला कळत नव्हतं. रोज जेवताना मी विषय काढायची आणि रोज तो ताटावरून उठायच्या बेताला यायचा. शेवटी मीच गप्प बसायला शिकले.

मुलगा मला मेसेज करायचा. “आज तळघरात दोनदा.” “झोप नाही.” एकदा लिहिलं, “बूट घालूनच झोपतो आता. लेस बांधायला वेळ जातो.” प्रत्येक मेसेजच्या शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, बाबांना सांगू नको. मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं की नाही, ते मला आजही कळत नाही.

कार्यक्रमाची बातमी आणली आमच्या मासळीवाल्या मावशीने. पापलेट, बोंबील, कोलंबी जे मिळेल ते टोपलीत घेऊन ती गेली कितीतरी वर्षं आमच्या दाराशी येते. ती ख्रिश्चन कोळी. पलीकडच्या गावातलं चर्च तिचं, आणि चर्चला ती देऊळच म्हणते. पायरीवर टोपली टेकवत म्हणाली, “बाय, आमचे देवलात मोठा बाजा लावलाय, सिलिंगपर्यंत नळ्या त्याला. बाहेरची मानसं येनार वाजवाला. सगली रशियाची गानी. तुझ्या डॉक्टरच्या देशाची. पैसं नाय, पास नाय, ये सरळ.”

मोठा बाजा म्हणजे पाइप ऑर्गन. कित्येक वर्षांपूर्वी कुठल्याशा बाहेरच्या चर्चने देऊन टाकलेला, इथे येऊन धूळ खात पडलेला, उंदरांनी भाता कुरतडलेला. गावाने वर्गणी काढून, कारागीर आणून तो दुरुस्त करून घेतला होता आणि हा त्याचा पहिला कार्यक्रम. मला संगीतातलं काही कळत नाही. आमच्याकडे भजनाची पेटी, तिच्या पलीकडे माझी धाव नाही. पण मावशीने ‘रशियाची गाणी’ म्हटलं आणि माझ्या मनाने घेतलं की आपण जायचं. पोराच्या तोंडून मी रशियाबद्दल भोंग्यांशिवाय काही ऐकलं नव्हतं. तिथे लोक आणखी काय वाजवतात ते तरी कानांवर पडू दे, एवढंच होतं.

नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, “तुला काय कळणार आहे त्यातलं?” मी म्हटलं, “तुम्हाला तरी आपल्या पोरातलं काय कळतंय?” मग तो मुकाट्याने स्कूटरवरून सोडायला आला. आत यायचं नाही म्हणाला, बाहेर क्रुसाच्या चौथऱ्यावर बसतो, वाटल्यास तासाभराने घरी जाऊन येतो.

तर दारात अशी अडले होते मी. आत जावं तर फोन बंद करावा लागणार, फोन चालू ठेवावा तर आत जाता येणार नाही. मागे वळले, चौथऱ्यापाशी गेले आणि फोन नवऱ्याच्या हातात ठेवला. “वाजला तर उचला. बोलायचं नसेल तर नका बोलू. मला बोलवा फक्त, मी उठून येते.” त्याने फोनकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या हातात जिवंत खेकडा दिलाय. म्हणाला, “बघू.” मला त्या ‘बघू’चा इतका संताप आला. पण मागून मावशी हाका मारत होती, तिने बाकावर माझ्यासाठी जागा धरली होती.

आत माणसं खच्चून भरलेली. नाताळातले कंदील अजून उतरवले नव्हते. रेकॉर्डिंगसाठी पंखे बंद, बाजूची दारं मात्र हवेसाठी उघडी ठेवलेली. आमच्या बाकापासून थोडं पुढे असं एक दार होतं, त्यातून बाहेरचा क्रूस दिसत होता आणि मान वाकडी केली तर चौथऱ्यावरचा नवराही. मी मान वाकडी करूनच बसले.

वेदीसमोर वाद्यवृंद बसला होता, काळ्या कपड्यांतले पन्नासेक लोक, काही आपल्याकडचे, काही गोरे. सुरू झालं. व्हायोलिनं, मोठी व्हायोलिनं, उभ्याने वाजवायची त्याहून मोठी. मला वाटलं होतं काहीतरी थंड, बर्फासारखं असेल. तसं नव्हतं. खाली मान घालून कुणीतरी एकच दुःख परत परत सांगावं तसं ते होतं, आणि सांगून झालं असं वाटलं की परत सुरू. मला बूट आठवले. पलंगावर बूट घालून झोपलेलं माझं पोर. लहानपणी चपला घालून घरात आला तर मी त्याला हाणायची. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मावशीने पदराचं टोक माझ्या मांडीवर टाकलं. मासळीचा वास येत होता त्याला, पण मी डोळे पुसले.

त्या गोऱ्यांचा मला रागही येत होता. एवढं दुःख कळतं तुम्हाला, एवढं वाजवता येतं, मग ते भोंगे कोण वाजवतं? कुणाला विचारणार?

बराच वेळ असं चाललं. मग वाजवणारे थांबले, वर्गणीदारांचे आभार मानून झाले आणि ऑर्गनची पाळी आली. माळ्यावर एक बाई पाठमोरी बसली होती, इतका वेळ मला ती दिसलीच नव्हती. आधी वाद्यवृंदाने हळू सुरुवात केली आणि मग तो बाजा बोलला. आवाज म्हणावा तर तसा नव्हता, आधी बाक हादरला आणि मग कानांत आलं.

आणि सगळं चर्च उठून उभं राहिलं.

इथे एक सांगायला हवं. या देवळात आजवर जी काही छोटी पेटी होती, ती वाजली की उठायचं, हे गावाच्या अंगात मुरलेलं आहे. मिस्साची प्रार्थना सुरू होते तेव्हा, नवरी येते तेव्हा, शवपेटी आत आणतात तेव्हा. आमच्यासारख्या हिंदूंनाही ते पाठ, कारण शेजाऱ्यांची किती लग्नं, किती मयतं आम्ही याच बाकांवर बसून पाहिलीत. सगळ्यात आधी उठले ते पुढच्या रांगेतले फादर. त्यांच्यामागे सगळे. मावशी उठली, मी उठले. हा कार्यक्रम आहे, मिस्सा नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हातवारे करून वाद्यवृंद चालवणाऱ्याची आमच्याकडे पाठ होती, त्याला काही कळलं नाही. पण एका गोऱ्या व्हायोलिनवालीने वर बघितलं आणि तिचा गज क्षणभर अडखळला. तिला वाटलं असेल, केवढा हा मान.

एरवी मी हसले असते. पण उभी राहिल्यावर मला दारातून बाहेरचं नीट दिसलं. माझा नवरा चौथऱ्यावरून उठला होता आणि त्याने फोन कानाला लावला होता.

इकडे फादरना चूक उमगली. त्यांनी दोन्ही हात खाली दाबत खूण केली, आणि एकेक बाक करकरत सगळे बसले. मी बसता बसता अर्धवट राहिले. दुसरं कोण असणार फोनवर? आमचा फोन तो, आणि नवऱ्याने दुसऱ्या कानात बोट घातलं होतं. तोच डावा हात मग कानावरून कमरेवर गेला. तो हात मला माहीत आहे. कारखान्यात कुणाला झापायचं असलं की तो हात असाच कमरेवर ठेवतो, आणि गणपतीत पडवीतही तसाच होता. हा आता पोराला काहीबाही बोलणार. आधीच तिकडे तो कसातरी तग धरून आहे, त्यात बापाचा एक शब्द वाकडा गेला तर? वरून तो बाजा असा गरजत होता की मी ओरडले असते तरी बाहेर ऐकू गेलं नसतं.

मी पर्स उचलली. मावशी माझ्या कानाशी लागली, “कुठं चालली बाय? बरं नाय काय?”

आणि तेवढ्यात बाहेर नवऱ्याचा हात कमरेवरून सुटला. तो हात डोक्यावर गेला. मग तो खाली बसला, चौथऱ्यावर नाही, त्याच्या खालच्या पायरीवर, धुळीत, गुडघे वर करून. लग्नाला इतकी वर्षं झाली, बसून भांडताना मी त्याला कधी पाहिलेला नाही.

मी पण बसले.

मला त्या वेळी काय होत होतं ते नीट सांगता येणार नाही, पण सांगून बघते. मला माझ्या पोराचा आवाज हवा होता. आठवडाभर मी त्याच्यासाठी झुरत होते. तो आवाज तिथे होता, चार बाकांच्या अंतरावर, उठून जायचं आणि हात पुढे करायचा. आणि मला ठाऊक होतं की मी दारात दिसले की नवरा लगेच फोन माझ्याकडे देणार, “घे, आईशी बोल” म्हणणार, आणि सुटणार. किती महिने तो असाच सुटत आला होता. म्हणून मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. लोकांच्या अंगावर काटा येत होता, पुढची एक बाई तोंडावर हात ठेवून रडत होती, आणि मी एकटीच मनात म्हणत होते, संपू नको, वाजव, अजून थोडं वाजव.

संपलं तेव्हा लोक पुन्हा उठले, आता टाळ्यांसाठी. मी वाट काढत बाहेर आले. नवरा पायरीवरच होता. फोन दोन्ही हातांत.

“आला होता,” तो म्हणाला. “कट झाला मगाशीच. लावून बघतोय, लागत नाही.”

मी फोन घेतला. गरम झाला होता. मी लावला. लागला नाही. परत लावला. नाही.

“बरा आहे ना?”

“बरा आहे.”

“काय म्हणाला?”

तो काही बोलणार तेवढ्यात मावशी आमच्यापाशी आली. तिच्यामागून तिच्या गावची दहाबारा माणसं, सगळी ओळखीची, सगळी बाज्याच्या कौतुकात. मावशीने नेहमीच्या ठसक्यात विचारलं, “काय वो डॉक्टरांचे बाबा, आत नाय आलंव? डॉक्टर काय म्हनतो तुमचा?”

मी नवऱ्याकडे बघितलंच नाही. बघवलं नसतं.

“डॉक्टर नाही होत तो, मावशी,” तो म्हणाला. त्याचा आवाज चांगला मोठा होता, मागच्यांनाही ऐकू गेला. “शिक्षण सोडून घरी येतोय. मीच ये म्हटलं.”

मग मावशी म्हणाली, “येऊ दे मग. तुमचाच पोर हाय.” आणि ती आपल्या लोकांना घेऊन निघून गेली.

आम्ही स्कूटरवरून निघालो. वाडीच्या वळणाला आल्यावर, मागे न बघता त्याने विचारलं, “बूट घालून झोपतो म्हणे. तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कधी?” मी म्हटलं. माझं बोलणं असंच आहे, जिथे गप्प राहावं तिथे नेमकं तोंड उघडतं. त्याने स्कूटर कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि नुसता बसून राहिला. मी मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती.

दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. “तिकीट बघतोय. कॉलेजचे कागद अडलेत. बाबांना सांग.” मी तो परत परत वाचला, शेवटचे दोन शब्द विशेष. नवऱ्याला वाचून दाखवला. तो ‘हं’ म्हणाला आणि वाडीत निघून गेला.

अजून तिकीट झालेलं नाही. विमानतळ कधी बंद असतो, कधी कागद नसतात. मेसेज येतात तुटक तुटक. फोन मात्र त्या संध्याकाळनंतर आलेला नाही. म्हणजे मी त्याचा आवाज अजून ऐकलेला नाही. गावात लोक आता नवऱ्याला काय म्हणायचं ते न कळून नुसतंच ‘काय, बरं?’ म्हणतात. तोही ‘बरं’ म्हणतो.

परवा सकाळी वाडीत पाणी सोडलं होतं. मी पाट वळवत होते, तो केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढत होता. मी कितीदा विचारूनही त्या दिवशीचं बोलणं त्याने मला पूर्ण सांगितलेलं नव्हतं. त्या सकाळी आपणहून बोलला, खाली बघतच.

“मी खरं तर बोलायला फोन उचललाच नव्हता. आत सगळे उठलेले दिसले, म्हटलं संपलं, ही येतेच आहे. त्याला म्हटलं, थांब, आई येतेय. आणि बघतो तर सगळे परत खाली बसले.”

“मग?”

“मग काय. फोन घेऊन आत येता येत नव्हतं, आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही, कट कसा करणार? बोलावं लागलं.” त्याने कोयती मातीत टेकवली. “मध्ये मध्ये सारखा विचारत होता. आई आली का? आई आली का? मी म्हणत होतो, येते रे, येतेच आहे. शेवटचंसुद्धा तेच विचारलं त्याने. आणि फोन कट झाला.”

पाटाचं पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं होतं. मी तिकडे बघत राहिले.

“मी तुम्हाला बघितलं होतं,” मी म्हटलं. “आतून. दारातून दिसत होतात तुम्ही, सगळा वेळ.”

त्याने मान वर केली. “मग आली का नाहीस?”

“आले असते तर तुम्ही फोन माझ्या हातात दिला असतात.”

त्याने कोयती मातीतून उपटली, पात्याची माती बोटाने पुसली.

“दिला असता,” तो म्हणाला.